हिरव्या झाकणाचे डबे

तो खटला विसरता आला असता तर बरं झालं असतं. इतक्या वर्षांनीही तो डोक्यातून जात नाही आणि आठवला की अजून चिडचिड होते. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीतला तो नाही. नोकरी संपल्यावर परक्या मुलखात, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून मी तो पाहिला.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे गैरसमज नको. मी सातवी पास. त्या काळी तेवढ्या शिक्षणावर पोलिसात महिला शिपाई म्हणून भरती व्हायची. पुण्यात शिपाई म्हणून लागले, जमादार म्हणून निवृत्त झाले. बायकांची झडती घेणं, जबाबाच्या वेळी हजर राहणं, ठाण्याची डायरी लिहिणं, आरोपीला कोर्टात नेणं, हे माझं काम. मोठे तपास साहेबांनी केले. मी दाराशी उभी राहून ते पाहिले.

दोन हजार चार साली मी नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला मुलाकडे आले होते. ती माझी दुसरी खेप. तिथल्या अपार्टमेंटांमध्ये निम्मी आपली माणसं. पुण्याची, मुंबईची, नागपूरची मुलं कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांवर गेलेली आणि त्यांचे आईबाप पाळीपाळीने नातवंडं सांभाळायला आलेले. या सगळ्यांना धरून ठेवणारा एक माणूस होता. त्याला सगळे दादा म्हणायचे, मीही इथे दादाच म्हणते, नाव घालणार नाही. वीस वर्षं तिथे राहून तिथला नागरिक झालेला. नवीन आलेल्याला विमानतळावरून आणणं, घर बघून देणं, कुणाकडे बाळंतपण असलं की डबा पाठवणं, गणपतीचा हॉल ठरवणं, सगळं तोच करायचा.

आपल्या लोकांची तिथे एक पद्धत आहे. कुणाचे आईवडील भारतातून निघाले की चार घरांतून फोन जातात. माझा मसाला आणाल का, माझ्या आईने दिलेली साडी आणाल का. दोन बॅगा न्यायला मिळायच्या, त्यात अर्धी बॅग दुसऱ्यांची. आणि निघायच्या आधी मुलं फोनवर आईबापांकडून उत्तरं पाठ करून घेतात. बॅग कुणी भरली? मीच. दुसऱ्याचं काही आहे? नाही. औषधं कुणाची? माझी. "आई, जास्त बोलायचं नाही. सगळं तुझंच म्हणायचं. नाहीतर दोन तास बसवून ठेवतात." माझ्या मुलानेही मला हे पाठ करायला लावलं होतं आणि मी ते पोपटासारखं म्हणून दाखवलं होतं. गुन्हेगाराने आधी ठरवून आणलेलं उत्तर मला नोकरीत लगेच ओळखू यायचं. स्वतःच्या तोंडून तेच निघालं तेव्हा काही वाटलं नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर नागपूरच्या एक बाई राहायला आल्या. सुनेचं बाळंतपण करायला दोन महिन्यांसाठी. नवरा नागपूरला एकटा. संध्याकाळी आम्ही दोघी अपार्टमेंटमागच्या तळ्याभोवती फिरायचो. एके दिवशी त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी मी वर गेले, तर दार उघडून बाई मागे सरकल्या. साडीच्या काठाखाली घोट्याला काळा पट्टा दिसला, त्याला काडेपेटीपेक्षा मोठा डबा. मी असा पट्टा आधी पाहिला नव्हता, पण कशाचा असेल हे विचारावं लागलं नाही.

प्रकार असा होता. बाई आल्या तेव्हा विमानतळावर कस्टमने त्यांची बॅग उघडली. आयुर्वेदिक चूर्णाचे सहा डबे निघाले. आत चूर्ण नव्हतं, गोळ्या होत्या, झोपेच्या आणि गुंगीच्या. तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्या बाळगणंही गुन्हा, आणि इतक्या म्हणजे सरळ व्यापार. हे कुणाचं, असं विचारल्यावर बाईंनी पाठ केलेलं उत्तर दिलं. माझंच. कशाला? मला झोप येत नाही. डबे ठेवून घेतले, बाईंना लिहून घेऊन सोडलं आणि तीन आठवड्यांनी केंद्राचे अधिकारी घरी आले. जवळच्या रॅले शहरातल्या केंद्रीय कोर्टात हजर केलं, पासपोर्ट घेतला, पायात ठावठिकाणा कळवणारा पट्टा घातला आणि मुलाच्या हमीवर घरी पाठवलं. घराबाहेर फक्त वकिलाकडे आणि डॉक्टरकडे जायचं.

बाईंच्या मुलाने मला दुसरंच सांगायला सुरुवात केली, "काकू, काहीतरी मिक्सअप झालाय. लॉयर बघतोय."

मी त्याला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर मेथीच्या चार जुड्या घेऊन वर गेले. म्हटलं, एकटीला निवडायचा कंटाळा येतो. ही माझी जुनी रीत. बाईमाणसाला समोर बसवून प्रश्न विचारले की ती भिंत होते. हाताला काम दिलं की बोलते. ठाण्यातही मी कित्येकींना शेंगा सोलायला बसवून बोलतं केलंय.

दुसरी जुडी संपता संपता बाई म्हणाल्या, "तुम्ही पोलीसवाल्या होत्या ना जी?"

"होते. आता मेथीवाली आहे."

"मग मले सांगा, साठीच्या बाईले इथं जेलात टाकतात का?"

"टाकतात. तिथेही टाकतात."

त्यांनी तिसरी जुडी ओढून घेतली. मग खाली मान घालून म्हणाल्या, "ते डबे माझे नव्हते."

"माहीत आहे."

"कसं काय?"

"तुम्ही दुपारी अंगणवाडीतल्या पोरांसारख्या झोपता. झोपेच्या गोळ्या तुम्हाला कशाला?"

त्या हसल्या आणि मग सगळं सांगितलं. डबे दादाचे. निघायच्या आदल्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या बसने नागपूरला आले. प्रकरण झाल्यावर दादा स्वतः घरी येऊन गेला. दमदाटी नाही, उलट मुलाला वकील त्यानेच सुचवला. म्हणाला, आईंचं वय झालंय, आठवड्याभरात परत पाठवतील. माझं नाव आलं तर ज्यांनी ज्यांनी डबे आणले त्या सगळ्यांच्या व्हिसावर येईल. मुलगा घाबरला. त्याने आईला सांगितलं, जे बोललीस त्यालाच चिकटून राहा.

"कसले डबे होते?" मी विचारलं.

"पांढरे जी. हिरव्या झाकणाचे. वरून पेपर गुंडाळून चिकटपट्टी मारलेली."

माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. दीड वर्षापूर्वी, पहिल्या खेपेला, असेच चार डबे मी आणले होते. दादाचा मेहुणा पुण्यात माझ्या घरी स्कूटरवरून देऊन गेला होता. इथे दादा स्वतः न्यायला आला, वाकून नमस्कार केला, "मावशी, तुमच्यासारख्या माणसांमुळेच आमचं चालतं," म्हणाला. तेव्हा मला ते गोड वाटलं होतं.

रात्री मुलाला सांगितलं. त्याने डोक्याला हात लावला.

"आई, प्लीज. ग्रीन कार्डची लास्ट स्टेज आहे. तू कशाला इन्व्हॉल्व्ह होतेस? त्यांचं त्यांचा लॉयर बघेल ना."

"ती बाई तुरुंगात जाईल."

"नाही जाणार. ओल्ड लेडी आहे. डिपोर्ट करतील फार तर. घरीच तर जायचंय त्यांना."

आणि मी गप्प बसले. हे इथे लिहायला हवं, म्हणून लिहिते. एक-दोन दिवस नाही, सहा आठवडे गप्प बसले. मुलाचं घर, मुलाची नोकरी. मी पाहुणी.

पण अगदी स्वस्थही बसवेना. रविवारी देवळात म्हाताऱ्या माणसांचा घोळका एका बाजूला बसतो. तिथे मी माझा तपास सुरू केला. पोरांना विचारायचं नाही, आईबापांना विचारायचं. आईबापांना वाटतं आपण कुणाचं तरी काम केलं, ते सांगायला उत्सुक असतात. पंधरा दिवसांत सात जण निघाले. एका आजोबांनी तर दोन खेपांना आणले होते, वर अभिमान, "कस्टमवाल्यानं विचारलं, मी म्हटलं माझी पोटाची औषधं. गप्प बसला!"

मी म्हटलं, "आजोबा, हे अधिकाऱ्यासमोर सांगाल का?"

"हो, त्यात काय?"

पुढच्या रविवारी आजोबा दुसऱ्या रांगेत बसले आणि माझ्याकडे पाहिनात. त्यांच्या मुलीने मला बाजूला घेतलं. "मावशी, बाबांना काही आठवत नाही आजकाल. तुम्ही त्यांना टेन्शन देऊ नका." सातही घरांत हेच झालं. एकीची आई भारतात परत गेली, एकाने डबे आणलेच नाहीत म्हणून सांगितलं, एकीने माझा फोन उचलणं बंद केलं. खून, दरोडा पाहिलेली बाई मी, पण इतकी चिडले नव्हते. पुण्यात साक्षीदार फिरवायला गुंडाला निदान त्याच्या घरापर्यंत चालत जावं लागायचं. इथे बहुतेक घरांत दादाला जावंही लागलं नाही. ही माणसं आपापल्या सोफ्यावर बसून आपोआप फिरली.

मग एका दुपारी बाई म्हणाल्या, "मी गुन्हा कबूल करून टाकते जी. वकील म्हणते, कबूल केलं तर वर्षभराच्या आत सुटाल आणि मग भारतात पाठवून देतील. तिकडे आमचे हे रोज फोन करतात, कुकरच्या शिट्ट्या किती घेऊ म्हणून. किती दिवस असं चालेल?"

"जे केलं नाही ते कबूल करणार?"

"डबे तर मीच आणले ना."

मी नोकरीत असे कबुलीजबाब पाहिले आहेत. ज्याने केलं नाही त्याने थकून अंगठा उठवायचा आणि साहेबांनी त्या दिवशी लवकर घरी जायचं. काही वेळा मी कोपऱ्यात उभी राहून पाहिलं आणि तोंड उघडलं नाही. शिपायाने साहेबांसमोर काय बोलायचं, असं स्वतःला सांगितलं. इथे तर माझ्यावर साहेबही नव्हता.

अधिकाऱ्याकडे जायचंय हे मुलाला सांगितलं नाही. सुनेला सांगितलं. ती भांडी लावत होती. हातातलं ताट ठेवून म्हणाली, "उद्या सकाळी मीटिंग कॅन्सल करते. मी ड्राइव्ह करीन. त्याला संध्याकाळी सांगू." माझी सून मोजकं बोलते. तो दिवस सोडला तर आमचं फारसं पटत नाही.

बाईंच्या प्रकरणाचा तपास करणारा अधिकारी उंच, टक्कल पडलेला, सर्दी झालेला माणूस होता. फोनवर दुसऱ्या राज्यातली एक मराठी दुभाषी. पुढे त्याच्याकडूनच कळलं की दादावर त्यांची नजर आधीपासून होती. पोस्टाच्या खिडकीवरच्या एका बाईने खबर दिली होती. दर आठवड्याला एकच माणूस सारख्या आकाराची खूप पाकिटं देतो, आणि प्रत्येक वेळी पाठवणाऱ्याचं नाव वेगळं. दादा इंटरनेटवरून ऑर्डर घेऊन कॉलेजच्या पोरांना गोळ्या विकत होता. बाई पकडल्या गेल्यावर त्याने भाड्याचं गोदाम रिकामं केलं होतं. माल येतो कुठून, हे जोडायला त्यांच्याकडे बाईंशिवाय कुणी नव्हतं, आणि बाई माझंच म्हणून बसल्या होत्या.

अधिकाऱ्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही तीस वर्षं पोलिसात होता. डबा उघडून का पाहिला नाही?"

मी म्हटलं, "त्याने मला मावशी म्हटलं म्हणून."

दुभाषीने ते सांगितलं. अधिकाऱ्याने तसंच लिहून घेतलं.

"याला काही पुरावा आहे का?"

इथे ठाण्याची सवय कामाला आली. निवृत्त झाल्यावरही मी रोज डायरी लिहिते. किती वाजता उठले, कोण आलं, कोण गेलं. त्या तारखेची डायरी पुण्यात कपाटात होती. भाचीने कुरियरने पाठवली. त्यात माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: संध्याकाळी पावणेसहा, अमुकचा मेहुणा, चूर्णाचे चार डबे, सीलबंद, राखाडी स्कूटर, आणि पुढे स्कूटरचा नंबर. नंबर टिपून घेण्याइतकी मी पोलीस होते आणि डबा उघडण्याइतकी नव्हते. नंबरावरून पुण्याच्या पोलिसांनी मेहुण्याचं औषधांचं दुकान काढलं. दुकानात तसलेच रिकामे डबे आणि ट्रॅव्हल्सच्या पावत्या सापडल्या. पावत्यांवर नागपूरच्या बाईंचा पत्ता होता. आणखीही पत्ते होते. मग ज्यांना काही आठवत नव्हतं त्यांतल्या तिघांची स्मरणशक्ती एका आठवड्यात परत आली. आजोबाही आले, टाय लावून.

घरी मुलगा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "निदान मला विचारायचंस तरी."

"विचारलं होतं. तू नाही म्हणालास."

बाई सोडल्या तर व्हिसा कुणाचाही गेला नाही. ज्यांनी नकळत आणलं आणि खरं सांगितलं त्यांना कुणी हात लावला नाही. दादाला अटक झाली. दोष ठरवायची सुनावणी झालीच नाही, त्याने गुन्हा कबूल केला. तिथे बहुतेक आरोपी आधीच गुन्हा कबूल करतात, आणि मग खरी लढाई शिक्षेची असते. त्यात महिने जातात. एक अधिकारी आरोपीचा सगळा इतिहास लिहितो, मालाचं वजन मांडतो, आरोपी म्होरक्या होता की नुसता हस्तक हे ठरवतो. दादाचा वकील म्हणत होता, हा छोटा माणूस, मेहुण्याच्या नादी लागला. सरकारी वकील म्हणत होत्या, यानेच म्हाताऱ्या माणसांना कामाला लावलं. तेवढ्यासाठी मला आणि बाईंना साक्षीला थांबवून ठेवलं. बाईंवरचा आरोप तोपर्यंत मागे घेतला होता, पट्टा काढला होता, पण पासपोर्ट सरकारकडेच होता.

शिक्षेच्या दिवशी मी साक्ष दिली. अर्धा तास. नंतर बाईंना उभं केलं. दादाच्या वकिलाने विचारलं, दादाने तुम्हाला काय सांगितलं होतं? बाई म्हणाल्या, "काहीच नाही सांगितलं जी. तेच तर. सांगितलं असतं तर आणले नसते."

मग न्यायाधीशांनी पत्रं काढली. दादा कसा सज्जन आहे हे सांगणारी, आपल्याच लोकांनी पाठवलेली तीसेक पत्रं होती. न्यायाधीश म्हणाले, मी सगळी वाचली. यातल्या बऱ्याच पत्रांत एकच परिच्छेद आहे, तेही ठीक आहे. पण त्याच्यासाठी डबे आणणाऱ्या आयांबद्दल एकाही पत्रात एक ओळ नाही. मग त्यांनी काही नावं वाचली. त्यात माझ्या मुलाचं नाव होतं.

चौऱ्याऐंशी महिने. तिथे शिक्षा महिन्यांत सांगतात. मी मनात भागाकार केला, सात वर्षं. वजनात माझे चार डबेही धरले होते.

परतताना गाडीत मुलगा म्हणाला, "आई, ते लेटर दादाच्या वाइफने फॉरवर्ड केलं होतं. सगळेच साइन करत होते. मी एकट्याने नाही म्हटलं असतं तर कसं दिसलं असतं?"

"तुझी आई साक्षीदार आहे हे तुला माहीत होतं."

"हो, पण ते वेगळं ना."

सून गाडी चालवत होती. तिने फक्त काच वर केली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. नवीन काही नाही. साक्षीदार भीतीने फुटतात असं मी तीस वर्षं समजत होते. भीती हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे आपण बरे दिसावं असं वाटणं, आणि ते जास्त चिवट असतं. भीतीला पोलीस बंदोबस्त देता येतो. याला काय देणार? मी स्वतः डबा उघडला नाही तोही वाईट दिसेल म्हणूनच.

बाईंचा पासपोर्ट मिळाला, पण व्हिसा रद्द झाला. विमानतळावर पहिल्यांदा खोटं बोलल्याची ती शिक्षा राहिलीच. पुढे नातवाला भेटायचं तर त्यालाच नागपूरला यावं लागणार. निघायच्या दिवशी मी वर गेले. नातू दहा महिन्यांचा झाला होता, तो त्यांच्या पदराला धरून उभा राहायला शिकत होता. बाईंनी मला बसा म्हटलं, चहा केला. सुपारी कातरता कातरता म्हणाल्या,

"तुम्ही बोललात म्हणून मी घरी चालली. हे मी विसरणार नाही."

मी मान हलवली.

"पण मेथी निवडली त्या दिवशी तुम्हाला सगळं समजलं होतं. त्याच्यानंतर सहा आठवडे मी पायात तो पट्टा घालून आंघोळ केली. हेही नाही विसरणार."

मी म्हटलं, "विसरू नका."

त्यांनी सुपारीचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि बॅग भरायला उठल्या.